धावेपासून हवेपर्यंत

दिवाळी झाली की भंडारा जिल्ह्यातल्या धान खरेदी केंद्रांसमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. रांगेतला माणूस गोण्या मोजतो, ओलावा किती निघाला ते विचारतो, बारदाना आला की नाही याची चौकशी करतो. ट्रॉलीच्या चाकांकडे मात्र कोणाचंच लक्ष नसतं. खाली वाकून पाहिलं तर तिथं बरंच काही वाचायला मिळतं. एका टायरचे दोन्ही खांदे गुळगुळीत झालेले आणि मधली नक्षी शाबूत: हा वर्षभर कमी हवेवर पळालाय. दुसऱ्याची मधली पट्टी पार गोटा आणि कडा नव्यासारख्या: याच्यात हवा ठासून भरली होती. तिसरा एकाच अंगाने तासल्यासारखा उतरलाय, म्हणजे आस वाकलेला आहे. चौथ्यावर तळवा आडवा फिरवला तर एका दिशेने हात सरकतो आणि परत येताना करवतीसारखा अडतो. ते चाक सरळ फिरत नाही, तिरपं ओढलं जातंय.

परदेशात मोटारीमागे चाकांवरचं घर जोडून सुट्टीवर निघणाऱ्या लोकांना हे वाचन पाठ असतं, कारण त्या घराचा टायर फुटला तर सुट्टीही गेली आणि घरही. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कोका अभयारण्याच्या वाटेवर किंवा गोसीखुर्दच्या काठावर अशी फिरती घरं उद्या उभी राहतीलही. पण आज भंडाऱ्यात मागे जोडून ओढायचं वाहन म्हटलं की ट्रॉलीच. धान, विटा, रेती, तणस, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिच्यातूनच जातं. या ट्रॉलीच्या चाकाची वंशावळ काढायला बसलं की आपण थेट बैलबंडीपाशी येतो, आणि एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या तशीच चालत आलेली दिसते. चाक लाकडाचं असो वा रबराचं, ते ताणावर उभं असतं. तो ताण कशाने राखायचा आणि त्याच्यावर नजर कोणी ठेवायची, एवढंच बदलत गेलं.

बंडीचं चाक म्हणजे मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, त्यांच्यावर बसवलेले वक्र लाकडी तुकडे आणि या सगळ्याला बाहेरून आवळणारी लोखंडी धाव. लाकूडकाम वाढई करायचा, धाव लोहार चढवायचा. चढवण्याचं काम पाहण्यासारखं असे. धाव चाकापेक्षा मुद्दाम थोडी लहान ठेवलेली असायची. तिच्याभोवती शेणाच्या गोवऱ्या रचून तिला लालबुंद करायचं. तापली की ती फैलावते. मग दोघा-तिघांनी लांब सांडशीने उचलून ती चाकावर बसवायची, घणाने ठोकून सारखी करायची आणि लाकूड पेट घ्यायच्या आत भराभर पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठतो, लोखंड आकसतं आणि आऱ्यांचे सांधे कडकड आवाज करत आपापल्या खोबणीत शिरतात. या चाकात खिळ्यांचं काम थोडं. खरं बांधून ठेवते ती आकसलेली धाव.

हा ताण कायमचा नसे. भंडाऱ्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांना टेकतो. त्या उन्हात लाकूड वाळतं, अंग चोरतं, धाव सैल पडते आणि चालताना खडखड वाजू लागते. उपाय जवळच होता. जिल्हा तलावांचा, मालगुजारीच्या काळातले मामा तलाव आणि गावोगावच्या बोड्या. चाकं काढून बोडीच्या पाण्यात टाकायची. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि धाव पुन्हा आवळली जाते. फारच सैल झाली असेल तर लोहाराकडे नेऊन तुकडा कापून, जोडून पुन्हा चढवायची. म्हणजे टायरमध्ये आज हवा भरतात तसं तेव्हा चाकाला पाणी भरावं लागे. फरक इतकाच की चाक सैल झाल्याचं गाडीवानाला कानाने कळत असे. तो बंडीवर बसलेला असो की उतरून बैलांच्या बरोबरीने चालत असो, चाक त्याच्यापासून हातभर अंतरावर होतं.

लोखंडाच्या धावेने चाक टिकलं, पण रस्ता टिकेना. नागपूरहून भंडारा, साकोलीवरून रायपूरकडे जाणारा मार्ग इंग्रजी अमदानीत ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ म्हणून बांधला गेला. पुढे तोच राष्ट्रीय महामार्ग सहा झाला आणि आता क्रमांक बदलून त्रेपन्न. छत्तीसगडाचं धान्य आधी बंजाऱ्यांच्या लदणीच्या बैलांवरून आणि मग बंड्यांमधून याच दिशेने नागपूरकडे येई. १८८०च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे आली, १८८७मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती घेतली, आणि लांबचा माल रुळांवर गेला. पण भंडारा शहराला तरी त्याने काय? स्टेशन वरठीला. तिथपर्यंतचा माल बंडीनेच न्यायचा. रेल्वेने बंडीचं काम संपवलं नाही. तिला स्टेशनच्या खेपांना जुंपलं.

रस्त्याची तक्रार समजून घ्यायला थोडं गणित करावं लागतं. भरलेल्या बंडीचा एक टन भार दोन चाकांवर, म्हणजे चाकागणिक पाचशे किलो. धाव पाच सेंटिमीटर रुंद धरली आणि कडक रस्त्यावर तिचा जेमतेम दोन सेंटिमीटर भाग टेकतो असं मानलं, तर दहा चौरस सेंटिमीटरवर पाचशे किलो. दर चौरस सेंटिमीटरला पन्नास किलोचा दाब. मुरूम आणि खडीचा रस्ता यापुढे भुकटी होणारच. पावसाळ्यात त्या भुकटीचा चिखल होई, चिखलात चाकोरी पडे आणि पुढची प्रत्येक बंडी त्याच चाकोरीतून जाई. मोटारी वाढल्या तशी ही तक्रार इंजिनिअरांच्या बैठकांमध्ये नेहमीची झाली. १९२७ साली मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली गेली, तिच्या शिफारशींच्या वाटेने १९३४मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली आणि डिसेंबर १९४३मध्ये देशभरच्या मुख्य अभियंत्यांनी भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटरवर, नागपुरात बसून रस्त्यांची वीस वर्षांची योजना आखली. ‘नागपूर प्लॅन’ या नावाने ती अभियांत्रिकीच्या मुलांना आजही परीक्षेत येते. ज्या रस्त्यांचा ते विचार करत होते त्यांच्यावर त्या घडीला मोटारींपेक्षा बैलगाड्या कितीतरी जास्त होत्या. रस्ता मजबूत करायचा की चाक मऊ करायचं, असे दोनच मार्ग होते.

चाक मऊ करायची युक्ती तोवर जुनी झाली होती. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश इंजिनिअरने १८४५ साली हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं: आत रबर चढवलेल्या कापडाची नळी, बाहेर चामड्याचं आवरण. लंडनमध्ये घोडागाडीला लावून दाखवलंही. पण हलकं आणि वेगवान वाहनच तेव्हा नव्हतं. लोकांनी कौतुक केलं आणि विसरले. चाळीसेक वर्षांनी बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलपने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना पुन्हा शोधली, १८८८मध्ये पेटंट घेतलं आणि थोड्याच काळात थॉमसनचं जुनं पेटंट पुढे येऊन डनलपचं रद्द झालं. हा डनलप धंद्याने गुरांचा डॉक्टर. पुढे हिंदुस्थानात त्याच्या नावाने ओळखली गेलेली टायरची बैलगाडी बैलांच्या मानेवरचा भार हलका करणार होती, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो.

डनलपच्या कंपनीने १९३६ साली बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंजला कारखाना काढला आणि मोटारींच्या टायरांबरोबर बैलगाडीसाठीही टायर विकायला घेतले. पुढे इतर कंपन्याही आल्या. जनावरांच्या गाडीसाठी टायरांचा वेगळा वर्गच तयार झाला. एकोणीस इंची रिंगचे, आठशे-एकोणीस सारख्या मापाचे हे टायर दुकानांतून अजूनही मिळतात. राजस्थानात उंटगाड्यांना विमानांचे उतरवलेले टायर लावायची पद्धत पडली. आपल्याकडे टायरच्या बैलगाडीचं खरं साम्राज्य उसाच्या पट्ट्यात झालं. साखर कारखान्यांनी ऊसतोड मजुरांच्या हाती टायरगाड्या दिल्या आणि ‘टायर सेंटर’ हा तोडीच्या भाषेतला रोजचा शब्द झाला. जुन्या गाडीत टनभर माल जायचा तिथं दोन-दोन, अडीच-अडीच टन ऊस रचला जाऊ लागला. चाक हलकं चालतं म्हणून बैलांचे कष्ट कमी व्हायला हवे होते. भारच वाढवला गेल्यावर बैलाच्या वाट्याला काय आलं, ते कारखान्याच्या गव्हाणीसमोर उभं राहून बघावं. बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७०च्या दशकात बैलगाडी सुधारणेचा ध्यास घेतला तो याच दुखण्यापायी: नुसतं टायर बदलून भागत नाही, जू, आस, भाराचा तोल हे सगळं एकत्र पाहावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

भंडाऱ्याकडे धानाच्या मुलखात लाकडी बंडी जास्त काळ टिकली, आणि त्याला कारणं होती. बांधीच्या धुऱ्यांवरून, बाभळीच्या काट्यांतून जाताना रबर दगा देतं. लाकडी चाक बिघडलं तर वाढई आणि लोहार गावातच. टायर बसला की चौरस्त्यावरच्या पंक्चरवाल्यापर्यंत जायचं. मला विचाराल तर टायरगाडीने गावात केलेला मोठा बदल हाच. चाकाची देखभाल गावातून उठून डांबरी रस्त्याच्या कडेला गेली, कॉम्प्रेसर जिथं असेल तिथं.

आता टायर भार कसा पेलतो ते पाहू. वाटतं की आतली हवा उशीसारखी रिंगला उचलून धरते. प्रकार थोडा वेगळा आहे. हवा टायरच्या आतल्या धाग्यांना चहूबाजूंनी ताणते आणि त्या ताणलेल्या धाग्यांवर रिंग टांगलेली राहते. खाली टेकलेल्या भागात ताण कमी होतो, वरच्या भागातला तसाच राहतो, आणि त्या फरकावर ट्रॉली उभी असते. धावेने आऱ्यांना आवळावं तसंच हे, फक्त आतून बाहेर. म्हणून हवा कमी झाली की टायर नुसता चपटत नाही. त्याच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडतात आणि सरळ होतात. तार सारखी वाकवली तर गरम होते आणि तुटते, तेच धाग्यांचं होतं. भार मधून सरकून खांद्यांवर जातो आणि खांदे झिजतात. उलट, भाराला लागते त्याहून जास्त हवा ठासली तर टायर मधोमध फुगतो आणि मधलीच पट्टी रस्त्याला घासते.

चारचाकी ट्रॉलीच्या एका चाकावर अकराशे किलो आले आणि हवा साठ पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वाचार किलो असेल, तर ढोबळ हिशेबाने दोनशे साठ चौरस सेंटिमीटर रबर रस्त्याला टेकतं. सोळा बाय सोळा सेंटिमीटरचा चौकोन. बंडीच्या धावेखाली पन्नास किलोचा दाब होता तो इथं बारावा हिस्सा. हवा तीस पौंडांवर उतरली तर तोच भार दुप्पट जागेवर पसरायला बघतो, आणि तेवढी जागा मिळवायला बाजू दुमडण्यावाचून टायरला गत्यंतर नसतं.

ट्रॅक्टरला रबरी पाय मिळाले ते १९३२ साली. अमेरिकेत अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीने आपल्या ट्रॅक्टरला फायरस्टोनचे विमानाचे टायर लावून शेतात चालवून पाहिले, कमी हवेवर. लोखंडी चाकांपेक्षा ओढ चांगली आणि इंधन कमी, हे दिसल्यावर काही वर्षांत लोखंडी चाकं मागे पडली. भारतात १९५९मध्ये आयशरचा आणि १९६०च्या दशकात महिंद्राचा ट्रॅक्टर आला. महिंद्राचा एक कारखाना नागपूरलाच आहे. ट्रॅक्टर कंपनीतून आला. ट्रॉली मात्र गावच्या वेल्डिंगवाल्याने केली. लोखंडी चॅनल, पत्र्याचे फाळके, हूक आणि बहुतेक वेळा जुनाच आस. नव्या ट्रॉलीला ‘नऊशे-सोळा’ मापाचे टायर बसतात. जुनीला मिळेल ते.

इथं टायरांचीही उतरंड आहे. चांगल्या ट्रकवाल्याचा नवा टायर आधी पुढे बसतो, कारण स्टिअरिंगचा जीव त्याच्यावर. थोडा झिजला की मागच्या जोडीत. मग त्यावर नवा थर चढवून घ्यायचा; एसटी महामंडळ तर त्यासाठी स्वतःचे कारखाने चालवतं. एकदा, दोनदा थर चढला, धागे थकले, महामार्गाला नको झाला की तो टायर ट्रॉलीला मिळतो. लाखनी तालुक्यातल्या गडेगावला १९८२पासून अशोक लेलँडचा कारखाना आहे. त्याच महामार्गावर एकीकडे नव्याकोऱ्या गाड्यांचे काळेभोर टायर आणि दुसरीकडे तिसऱ्या जन्मातले टायर घालून साकोलीकडे निघालेली ट्रॉली, हे दृश्य रोजचं आहे. गरिबीचा हिशेब त्यात आहेच, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मोटार वाहन नियमांप्रमाणे मोठ्या वाहनाच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. नक्षीच्या खोबणीत तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला.

ट्रॉलीच्या टायरचा मात्र घात बऱ्याचदा झिजण्याआधीच होतो. कारण ती हंगामी. धान उचललं, तणस आणलं, मग महिनोन्‌महिने अंगणात किंवा खळ्यावर एकाच जागी उभी. उन्हाने बाजूंना बारीक भेगा पडतात, खालचा भाग चपटा बसतो, हवा हळूहळू उतरते. पुढच्या हंगामात वरून नक्षी बघून माणूस म्हणतो, टायर तर नवाच आहे. बाजूला कोरलेल्या आकड्यांतले शेवटचे चार पाहावेत: २३१९ असतील तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो बनला. फिरत्या घरांच्या मालकांचंही हेच दुखणं; उभ्या उभ्या म्हातारा झालेला टायर पहिल्याच लांब प्रवासात फाटतो. भंडाऱ्यात निदान उपाय स्वस्त आहे. ट्रॉली रिकामी ठेवून आसाखाली विटांचे किंवा लाकडाचे ठोकळे द्यायचे आणि चाकांवर बारदाना टाकायचा.

हवामानाचा हिशेबही मोठा आहे. जानेवारीच्या पहाटे दहा अंशांत शंभर पौंड भरलेली हवा, काहीच न करता, मेच्या पंचेचाळीस अंशांत एकशे चौदाच्या आसपास जाते. चालून तापलेल्या टायरमध्ये त्याहून वर. म्हणून हवा मोजायची ती थंड चाकात, निघायच्या आधी. दुपारी चहाला थांबल्यावर दाब जास्त दिसला म्हणून सोडून देणारे महाभाग आहेत. रात्री टायर थंड झाला की तोच कमी हवेचा होतो आणि दुसऱ्या दिवशी भार घेऊन निघतो.

आणि हे सगळं कळायचं कोणाला? बंडीवाल्याच्या कानाशी चाक होतं. ट्रॅक्टरवर बसलेल्याच्या कानाशी इंजिन आहे, आणि अलीकडे त्याहून मोठा स्पीकर. पुढचं चाक बसलं तर स्टिअरिंग ओढतं, मागचं बसलं तर ट्रॅक्टर कलतो. ट्रॉलीचं चाक बसलं तर त्याला काहीच जाणवत नाही, मागून येणारा मोटारसायकलवाला ओरडून सांगेपर्यंत. ट्रकवर हे काम क्लीनरकडे होतं. धाब्यावर उतरला की टॉमी, म्हणजे लोखंडी दांडी, घेऊन एकेका टायरवर ठोकत जायचा. भरल्या टायरवरून टॉमी टणकन उडते. कमी हवेच्या टायरवर धप्प आवाज येतो आणि ती तिथंच बसते. जोडटायरमधला आतला बसलेला असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही, बाहेरचा बिचारा दोघांचा भार वाहत असतो. तिथं हा आवाजच खरं सांगतो. ट्रॉलीवर क्लीनरच नाही, म्हणून तिथं हे कोणी करत नाही. चाक जॅकवर उचलून दोन्ही हातांनी हलवून पाहणं तर दूरच. ते लटपटलं तर बेअरिंग ढिलं आहे, आणि नक्षीवर ठिकठिकाणी खळगे का पडले त्याचं उत्तर तिथंच मिळतं.

या वंशावळीत एक उलटा फाटाही आहे. आषाढात रोवणीसाठी चिखलणी सुरू झाली की ट्रॅक्टरच्या रबरी चाकांच्या जागी लोखंडी केजव्हील चढतात. चिखलात रबर घसरतं, लोखंडी पट्ट्या धरून राहतात. पण एका बांधीतून दुसरीकडे जाताना तोच ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर चढतो, पट्ट्यांचे चरे ओळीने उमटत जातात आणि मग ग्रामपंचायतीपासून बांधकाम खात्यापर्यंत ओरड होते. शंभर वर्षांपूर्वी धावेबद्दल इंजिनिअर जे म्हणत होते, तेच आता ट्रॅक्टरबद्दल म्हणतात.

हवा किती भरावी, याला खरं तर एकच उत्तर नाही. टायरच्या बाजूला छापलेला आकडा हा पूर्ण भारासाठीचा असतो. किती भाराला किती दाब याचे तक्ते टायर कंपन्यांकडे असतात. ट्रकवाल्याला भार कळतो तो वजनकाट्यावर. धानवाल्याला त्याचीही गरज नाही. खरेदी केंद्रावर गोणी चाळीस किलोची भरली जाते. ऐंशी गोण्या म्हणजे बत्तीसशे किलो, रिकाम्या ट्रॉलीचे हजार-बाराशे, भागिले चार. ट्रॉली दोनचाकी असेल तर थोडा भार हुकावरून ट्रॅक्टरवर जातो आणि उरलेला दोनच चाकांवर पडतो. तिथं हा आकडा जवळपास दुप्पट होतो. गोण्यांचा हिशेब भंडाऱ्याचा शेतकरी चुकत नाही, कारण चुकारा त्यावर निघतो. तोच आकडा निघण्याआधी हवा भरणाऱ्याला सांगायला दोन मिनिटंही लागत नाहीत. सध्या मात्र रिकामी ट्रॉली विटा आणायला निघाली काय किंवा ऐंशी गोण्या घेऊन केंद्रावर निघाली काय, दुकानासमोर प्रश्नाचं उत्तर एकच असतं: ‘भर ना, साठ भर.’